सोळातल्या आठ

तुम्ही एका पोराची वही उचललीत आणि तिचा फास वळलात. वर म्हणालात, आम्ही काय केलं, आम्ही नुसतं वाचून दाखवलं.

दारसुद्धा ठोठावलं नाहीत. मेसन पार्क वस्तीतल्या सायप्रस रस्त्यावर, वर्नेल पेटवेच्या स्वयंपाकघरात सकाळचे साडेसात झाले होते. कढईत मासे तळत होते आणि वर्नेल शेगडीवर तापवलेल्या लोखंडी कंगव्याने शेजारच्या मिस ओझेलाचे केस सरळ करून देत होती, कारण मिस ओझेलाला दहा वाजता एका मयताला जायचं होतं. दार बिजागऱ्यांसकट आत पडलं. सात पोलीस घुसले. पहिल्याने कुत्र्याला गोळी घातली. दोन्ही डोळ्यांनी आंधळं, म्हातारं कुत्रं, शेपूट हलवत पुढे आलं होतं. दुसऱ्याने वर्नेलला शेगडीवर रेटलं. तापलेला कंगवा तिच्याच हातात होता, तो गळ्याखाली चिकटला आणि कातडं घेऊनच सुटला. तिसऱ्याने तिच्या एकोणीस वर्षांच्या पोराला, ओरिनला, केसांना धरून अंथरुणातून ओढलं आणि बंदुकीच्या दस्त्याने त्याची भुवई फोडली.

मिस ओझेला अर्धे केस उभे, अर्धे सरळ अशी खुर्चीतच होती. ती म्हणाली, "पोरांनो, पाय तरी पुसून यायचं होतं." तिला तुम्ही पालथं पाडलंत आणि पाठीवर गुडघा ठेवलात. ती चौऱ्याहत्तर वर्षांची बाई होती.

नेलंत काय? बंदूक नाही, कारण बंदूक नव्हतीच. ओरिनच्या उशाखालची वही नेलीत आणि एक जुना कॅसेटचा डबा. डब्याची नोंद पुढे कुठल्याच कागदावर आली नाही.

तीन आठवड्यांपूर्वी जोव्हान रीस नावाचा पोरगा गाड्या धुण्याच्या दुकानामागच्या गल्लीत मेला होता. पाठीत गोळ्या. मारणारा कुणी पाहिला नव्हता. त्याचं आणि ओरिनचं महिन्याभरापूर्वी रॅपच्या सामन्यात माइकवर भांडण झालेलं, दोघांनी एकमेकांच्या आयांवर यमकं जुळवलेली, हे सगळ्या पार्कला ठाऊक. तेवढ्यावर खटला उभा राहत नव्हता. मग वही मिळाली आणि उभा राहिला.

ओरिनचा सख्खा काका थर्मन पेटवे. त्याला ओळखत नाही असा माणूस या देशात शोधावा लागेल. स्लो थर्मन. बाकीचे रॅपर श्वास न घेता शब्द ओकायचे तेव्हा हा माणूस जेवण झाल्यावर दात कोरत बसल्यासारखा एकेक शब्द सोडायचा, आणि ऐकणाऱ्याच्या मानेवर काटा यायचा. पहिली रेकॉर्ड त्र्याण्णव संपता संपता आली. तिच्यातलं पालुपद होतं 'आरामात, बाळा.' ते आधी गाड्यांच्या खिडक्यांतून ऐकू यायला लागलं, मग शाळांतून. पोरं मास्तरांना त्याच संथ आवाजात उत्तरं द्यायची आणि शिक्षा भोगायची. मग सिनेमावाले आले. पडद्यावर थर्मनने चौदा माणसं मारली आणि नऊ वेळा तो स्वतः मेला. लिफ्टमध्ये मेला, कोळंबीच्या ताटात तोंड घालून मेला, एकदा पोप होता होता मेला. टीव्हीवर हवामान सांगणारा गोरा माणूस वादळ येतंय म्हणाला आणि पुढे 'आरामात, बाळा' म्हणून हसला. बर्गरच्या जाहिरातीतला कोंबडा तेच म्हणायचा. टोप्या, कप, मोजे, सगळ्यांवर ते छापून आलं. त्याच्यानंतरची रॅपर पोरं हळू बोलायला शिकली ती त्याच्याकडून.

स्वतः थर्मन मात्र घरात ते दोन शब्द कधी बोलत नसे. दुसऱ्या कुणी म्हटले तर उठून बाहेर जायचा. लोक म्हणायचे, मोठा झाला, माज आला.

वर्नेल त्याला भेटायला शूटिंगवर आली तेव्हा तिच्या गळ्याला पट्टी होती आणि थर्मनच्या शर्टाला खोटं रक्त. दहाव्यांदा मरायची तयारी चालली होती.

"पुस ते," वर्नेल म्हणाली. "मला बघवत नाही."

"साखरेचा पाक आहे, वर्नेल."

"माझ्या घरातलं पाकाचं नव्हतं." तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला. "वकीलबाईंनी दिलाय. वहीतलं पान. सरकारी वकील म्हणतो, हा कबुलीजबाब आहे. अक्षर ओरिनचंच आहे, थर्मन. मी त्याला हात धरून शिकवलेलं अक्षर आहे. मला वाच आणि सांग, माझ्या पोराने कुणाला मारलंय का?"

थर्मनने कागद उघडला.

*गल्लीत साबणाचं पाणी, पायाखाली फेस,*
*पाठमोरा चालला तो, ओले त्याचे केस.*
*पहिली पाठीत, दुसरी पाठीत, तिसरीला मान,*
*पडला तेव्हा सुन्न होता फक्त माझा कान.*
*हाक नाही मारली त्याला, नाव नाही पुसलं,*
*नाव कशाला लागतं, मला पाठीचं माप दिसलं.*
*गुडघ्यावर आला तेव्हा म्हणाला तो 'आई',*
*मी म्हटलं आरामात, बाळा, मला नाही घाई.*

खालपर्यंत वाचायची त्याला गरज नव्हती. पहिल्या ओळीलाच त्याने ओळखलं. हे त्याचंच कडवं होतं. पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेलं, एका कॅसेटवर म्हटलेलं आणि कधीच बाहेर न आलेलं. ओरिन सोळाचा झाला तेव्हा थर्मनने ती कॅसेट त्याच्या हातात ठेवली होती. "यात तुझा बाप आहे," म्हणाला होता. "आईला ऐकवू नकोस." तुम्ही नेलेल्या डब्यात तीच कॅसेट होती.

ओरिनने ते उतरवून काढलं, कारण शिकायची रीतच ती. मोठ्याचं कडवं आपल्या हाताने लिहायचं, मध्ये एकेक ओळ कोरी सोडायची, कोऱ्या जागेत श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा करायच्या आणि ते पाठ होऊन घशात बसेपर्यंत म्हणायचं. खाली नाव लिहायचं नाही. कुणाचं आहे हे घरात सगळ्यांना माहीत असतं, मग लिहायचं कशाला? आपल्याच काकाच्या कडव्याखाली काकाचं नाव लिहिणारा पोरगा पार्कात हसं करून घेईल.

त्या क्षणी थर्मनने म्हणायला हवं होतं की, वर्नेल, हे माझं आहे. तो म्हणाला, "चांगला वकील देतो मी."

"वकील आहे. मी तुला वेगळंच विचारलं."

"नाही मारलं त्याने."

"तुला कसं माहीत?"

"माहीत आहे."

वर्नेलने त्याच्या हातातलं पान काढून घेतलं. मग कागद घडी करून परत पर्समध्ये ठेवला. "तू फार सिनेमे केलेस," म्हणाली आणि गेली.

चौदा महिने थर्मन गप्प राहिला. त्या चौदा महिन्यांत ओरिनला तुमच्या तुरुंगात दोनदा मारलं. दुसऱ्यांदा जबडा मोडला. तो न्हाणीघरात खाली पडल्यावर त्याच्या तोंडावर टाचा मारल्या, आणि तुमचा पहारेकरी दाराशी उभा राहून सफरचंद खात होता. थर्मन भेटायला गेला तेव्हा काचेपलीकडून पोरगा फोनवर तारेने बांधलेल्या दातांतून बोलत होता.

"कुणी केलं?"

"पायऱ्यांवरून पडलो, काका. तीन पायऱ्या होत्या. एकीच्या दंडावर साप गोंदलेला होता."

थर्मनला हसू आलं नाही. "ओरिन, तुझ्या वकीलबाईंना सांग ते कडवं कुणाचं आहे."

"नाही."

"अरे..."

"तुमचं नाव मी त्यांच्या तोंडात घालणार नाही. तुम्हीच शिकवलंत. पोलिसांना कुणाचंच नाव द्यायचं नाही."

"ते वेगळं होतं. ते चोऱ्यामाऱ्यांबद्दल होतं."

"तेव्हा खाली बारीक अक्षरात कुठली अट लिहिली नव्हतीत तुम्ही." ओरिनच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आणि रक्त आलं, ते त्याने खांद्याला पुसलं. "सांगायचं तर तुम्ही सांगा. तुमचं आहे. मी नाही सांगणार."

थर्मनने फोन काचेवर आपटला. तीनदा. तिसऱ्यांदा फोन फुटला आणि त्याने कपाळच आपटलं. पहारेकऱ्याने मागून त्याचा हात पिरगाळला, मग चेहरा ओळखला आणि पकड सैल करून, अगदी त्याच्याच संथ आवाजात, हसत म्हणाला, "आरामात, बाळा."

थर्मनने त्याच्या नाकावर ठोसा मारला. हाड मोडल्याचा आवाज आला. त्या ठोशासाठी त्याने बारा दिवस आत काढले. वर्तमानपत्रांनी छापलं की नव्या सिनेमाची जाहिरात आहे.

त्या बारा दिवसांत ती दुपार त्याच्यापुढून हलली नाही. त्र्याण्णवचा मे महिना. थोरला भाऊ ल्युशस डोकं धुऊन, ओल्या केसांनीच कपड्यांची पोतडी घेऊन लॉन्ड्रीत आला होता. यंत्रात टाकायची चिल्लर तो मोज्यात बांधून आणायचा. ओरिन तीन वर्षांचा होता, त्याची चादर त्या पोतडीत होती. एक यंत्र बंद पडलं, पाणी मागच्या गल्लीत वाहायला लागलं, म्हणून ल्युशस मागे बघायला गेला. थर्मन आत, उघड्या मागच्या दारापासून पाच पावलांवर बसला होता. गल्लीच्या तोंडाशी तुमची गाडी थांबली. तुमच्या माणसाने हाक मारली नाही. तीन गोळ्या. ल्युशस गुडघ्यांवर आला, 'आई' म्हणाला, आणि तुमचा माणूस जवळ येऊन, थकलेल्या पोराला झोपवावं तसा, जे म्हणाला ते म्हणाला. रुग्णवाहिका आली, ती तुम्ही पिवळ्या फितीबाहेर थांबवलीत. चाळीस मिनिटं. ल्युशस त्यातली बरीचशी जिवंत होता. थर्मनच्या पाठीवर एक बूट होता, म्हणून त्याला जाता आलं नाही. त्याचा जबाब कुणी घेतला नाही.

माणूस असं करून घरी कसा जातो हे थर्मनला कळत नव्हतं. म्हणून तो त्या माणसाच्या तोंडात शिरला आणि तिथून बोलला. सोळा ओळी. रेकॉर्ड कंपनीवाल्यांनी कॅसेट ऐकली आणि म्हणाले, हे सोडून बाकी सगळं घेऊ. तो बावीस वर्षांचा होता. त्याने ते सोडलं. मात्र त्यातले दोन शब्द काढून त्याने दुसऱ्या गाण्यात घातले, नाचायच्या गाण्यात. का घातले हे त्याला आजही नीट सांगता येत नाही. निदान दोन शब्द तरी बाहेर जावेत असं वाटलं असेल, किंवा ते चालतील हे कळलं असेल. ते चालले. जग सोळा वर्षं त्याच्या भावाच्या मारेकऱ्याच्या आवाजात हसत राहिलं.

सुटल्यावर तो थेट वकीलबाईंकडे, मिस ऍल्स्टनकडे गेला आणि म्हणाला, मला साक्षीला बोलवा.

कोर्टात तुमच्या वकिलाने आधी सिनेमाचा तुकडा दाखवला. थर्मन एका माणसाला पाठीत गोळ्या घालतो तो. मग विचारलं, "मिस्टर पेटवे, तुम्ही पोटासाठी खोटं बोलता, बरोबर?"

"अभिनय करतो."

"दहा वेळा मेलात."

"मेसन पार्कात एकदाच मरता येतं. म्हणून सिनेमात गेलो."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मिस ओझेला असावी.

"आणि आज तुम्ही म्हणता की आरोपीच्या हस्ताक्षरातलं, आरोपीच्या उशाखालचं हे लिखाण तुमचं आहे. आरोपी तुमचा पुतण्या आहे. पुरावा काय?"

"पान उलटा," थर्मन म्हणाला.

"काय?"

"पान उलटा. कडवं सोळा ओळींचं असतं. आमच्याकडे गाडी धुणाऱ्याला विचारा, चर्चमधल्या म्हातारीला विचारा. आठवर कुणी थांबत नाही, ताल तिथे संपतच नाही. तुम्ही चौदा महिने आठ वाचताय आणि या खोलीत एकालाही वाटलं नाही की उरलेल्या आठ कुठे गेल्या."

ज्यूरीत मेसन पार्कचा एकही माणूस नव्हता, याची तुम्ही काळजी घेतली होतीत. मिस ऍल्स्टनला तुम्ही फक्त पुढच्या बाजूंच्या नकला दिल्या होत्या. ती कितीदा मूळ वही मागत होती. तुमचा वकील उभा राहून हरकत घेत राहिला. न्यायाधीश म्हातारा होता, कंटाळलेला होता, पण त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून वही काढायला लावली. कारकुनाने पान उलटलं. थर्मन त्याच्याकडे न बघता, आपल्या त्याच संथ आवाजात म्हणत गेला आणि कारकून ओळीवर बोट ठेवत मान हलवत राहिला.

*मग छातीवरचा बिल्ला पुसला, रेडिओ घेतला हाती,*
*म्हटलं 'एक जण पडलाय', झटकली गुडघ्याची माती.*
*मोज्यातली चिल्लर सांडली धुण्याच्या यंत्राची,*
*'चमकलं काही' लिहिलं मी, ही शिकवण तंत्राची.*
*रुग्णवाहिका अडवून म्हटलं 'सुरक्षित नाही वाट',*
*चाळीस मिनिटं बघत होतो श्वासांची ती लाट.*
*घरी गेलो, जेवलो, ठेवला पोरीच्या डोक्यावर हात,*
*मीच मारतो, मीच लिहितो, मीच तपासात.*

कारकुनाचं बोट शेवटच्या ओळीवर तसंच राहिलं.

"हे सगळं कल्पित आहे," तुमचा वकील म्हणाला.

"शेवटच्या दोन ओळी मी रचल्या. तो घरी जाऊन काय जेवला मला माहीत नाही. 'चमकलं काही', म्हणजे हत्यार, हे तेव्हा तुम्हीच पेपरात दिलंत. बाकी मी पाहिलं. माझा भाऊ ल्युशस पेटवे, या पोराचा बाप. मारणारा तुमचा माणूस. मी शपथेवर सांगतोय, लिहून घ्या."

न्यायाधीशाने हातोडा आपटला. "एवढं पुरे. साक्षीदाराला विचारलेलं नाही."

"सोळा वर्षं विचारलेलं नाही," थर्मन म्हणाला. तो खुर्चीतून उठला. दोघांनी त्याला धरलं, तिसऱ्याने पोटात कोपर मारलं, आणि चौथ्याने त्याचं डोकं साक्षीदाराच्या कठड्यावर दाबलं. कठड्याच्या लाकडावर त्याच्या ओठाचं रक्त लागलं. हे पाकाचं नव्हतं. ओरिन आरोपीच्या जागेवरून उडी मारून निघाला, त्याला बेड्यांनी मागे खेचलं. ज्यूरीतली एक बाई तोंडावर हात घेऊन बसली होती.

तीन दिवसांनी तुम्ही खटला मागे घेतलात. एका ओळीचा कागद. माफी नाही, कारण नाही. जोव्हान रीसला कुणी मारलं हे शोधायला तुम्ही नंतर एकही माणूस पाठवला नाहीत. त्याची आई अजून गाड्या धुण्याच्या दुकानामागे फुलं ठेवते.

ओरिन घरी आला. पातळ लापशी खातो. कडवं म्हणताना त्याचा आता श्वास तुटतो, जबड्यामुळे.

ज्या दिवशी पोरगा सुटला त्या दिवशी कोर्टाच्या जिन्यावर वर्नेलने थर्मनला गाठलं.

"ते दोन शब्द त्याने म्हटले होते? ल्युशसला? मरताना?"

"हो."

"आणि तू विकलेस."

"हो."

तिने त्याला कानाखाली मारली. मग दुसऱ्या हाताने दुसऱ्या कानाखाली. तो हलला नाही. फाटका ओठ पुन्हा उघडला. फोटोवाले धावले. तिसऱ्यांदा तिने हात उचलला आणि खाली घेतला. "माझ्या फ्रीजवर त्या शब्दांचा चुंबक होता," ती म्हणाली. "तूच दिलेला. सोळा वर्षं मी त्याखाली किराण्याची यादी लावत होते." मग म्हणाली, "आता जा आणि पोलिसांना विचार, कुणी मारलं. मला विचारू नकोस माफ केलं का. त्यांना विचार."

थर्मन गेला. सोमवारी, दुपारी, तुमच्याच कचेरीत. चार नंबरची खिडकी. हातात कडवं, या वेळी टाईप केलेलं, सोळाच्या सोळा ओळी, खाली त्याचं नाव, आणि शपथेवरच्या साक्षीची प्रत. खुनाला मुदत नसते, हे तुमच्याच कायद्यात लिहिलंय.

खिडकीतल्या तरुण पोलिसाने मान वर केली आणि त्याचा चेहरा खुलला. "अरे, तुम्ही! लिफ्टमध्ये मरता ते तुम्हीच ना? माझा बाप तुमची नक्कल करायचा."

"तक्रार नोंदवायची आहे. खुनाची."

पोराने कागद वाचले. अर्ध्यावर त्याचं हसू गेलं. तो आत गेला. काचेपलीकडे कुणाशी तरी बोलला, एका करड्या केसांच्या साहेबाने थर्मनकडे एकदाच पाहिलं आणि पाठ फिरवली. पोरगा परत आला आणि कागद खिडकीतून बाहेर सरकवले.

"साहेब म्हणतात, हे घेता येत नाही."

"का?"

"गाणं आहे हे, सर. गाण्याला आम्ही पुरावा धरत नाही."

थर्मनने कागद पुन्हा आत सरकवले. पोराने बाहेर सरकवले. थर्मनने आत सरकवले. पाच वेळा झालं. मग तो खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसला. अजून तिथेच आहे, रोज नऊला येतो, पाचला तुम्ही त्याला दंडाला धरून बाहेर काढता, आणि सकाळी तो परत येतो.

त्याच ओळी आहेत. एका पोराच्या हस्ताक्षरात होत्या तेव्हा त्या पुरावा होत्या, त्या मिळवताना तुम्ही एक दार फोडलंत, एक बाई भाजलीत, आणि त्यांच्या जोरावर एक जबडा मोडू दिलात. ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो सही करून देतोय तर ते गाणं झालं. मग हे नुसतं गाणं असेल तर ओरिनला चौदा महिने कशासाठी कोंडलंत? आणि गाणं पुरावा असेल तर ल्युशस पेटवेच्या पाठीत दोन आणि मानेत एक गोळी घालणाऱ्याचं नाव काय? तुमच्याकडे त्याची फाइल आहे, त्याचा पगार तुम्ही दिलात, पेन्शन तुम्ही देता.

दोन्हीपैकी एक खोटं आहे. कुठलं, ते सांगा.